सुधारत चाललेल्या पोराने कॉलेज अर्धवट सोडून एनबीएत जावं का? (निमित्त: ड्रेक पॉवेल आणि आरजे डेव्हिस)

केरीकर (धागाकर्ता)

२५ आणि २६ जूनला एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग) २०२५चा ड्राफ्ट झाला, म्हणजे टीम्सनी नंबरवार नवीन पोरं निवडली, इकडची भांडणं आता जरा थंडावलीत म्हणून निवांत लिहितोय. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो, तासाभराच्या आत ड्यूक, यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना) आणि एनसी स्टेट अशी तीन कॉलेजं, त्यामुळे इथे मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत लोक बास्केटबॉलवरून एकमेकांचं डोकं खातात. तर विषय असा. यूएनसीचे दोघे यंदा ड्राफ्टच्या चर्चेत होते. एक ड्रेक पॉवेल, पिट्सबरोचा, म्हणजे अगदी आमच्या शेजारचा पोरगा, वय १९, कॉलेजात एकच सीझन खेळला आणि त्यात सरासरी किती, तर ७.४ पॉइंट. दुसरा आरजे डेव्हिस, पाच सीझन, २०२४ ला एसीसीचा (यूएनसी, ड्यूक वगैरे कॉलेजं जिच्यात खेळतात ती लीग) प्लेअर ऑफ द इयर, यूएनसीच्या आख्ख्या इतिहासात टायलर हॅन्सब्रोच्या खालोखाल पॉइंट याचे. निकाल काय लागला, पॉवेल पहिल्या राऊंडमध्ये २२ वा, ब्रुकलिन नेट्सकडे. डेव्हिसचं नाव ५९ जणांत कुठेच नाही, नंतर लेकर्सनी बोलावलं ते चाचणीच्या करारावर.

इथे सगळे यूएनसीवाले एप्रिलपासून एकच पालुपद लावून बसले होते की पॉवेलने थांबायला पाहिजे होतं, पोरगा आत्ता कुठे सुधारायला लागलाय, अजून एक वर्ष खेळला तर पहिल्या दहात जाईल. मला हे अजिबात पटत नाही. एनबीएवाले तुम्हाला आज किती येतं याचे पैसे देतच नाहीत, उद्या किती येईल याचे देतात, आणि तो उद्या दरवर्षी एक वर्षाने कमी होत जातो. पॉवेल सहा फूट सहा इंच, डिफेन्स कडक, उडी जबरदस्त, १९ व्या वर्षी सात पॉइंट काढले तर लोक म्हणतात कोच बॉल देत नव्हता. २१ व्या वर्षी बारा काढले असते तर म्हणाले असते बस एवढंच येतं याला. डेव्हिस बिचारा पाच वर्षं सुधारतच होता की, पण उंची सहा फूटच राहिली आणि वय २३ झालं.

तुमचं काय मत?

पिंट्या_नागपूरकर

भाऊ पयले ते रूल सांग ना यार. कॉलेज सोडलं म्हणजे परत जाता येत नाही काय? आम्ही इकडे पहाटे उठून मॅच पाहतो, चहा मारतो, ऑफिसात झोपतो, पण हे ड्राफ्टचं काही समजूनच नाही राहिलं. आणि लेब्रॉन तर कॉलेजात गेलाच नव्हता ना, मग आता हे पोट्टे एक वर्ष काहून जातात?

थ्रीपॉइंट_बंड्या

पिंट्या, थोडक्यात सांगतो (थोडक्यात होणार नाही).

लेब्रॉन २००३ चा. तेव्हा हायस्कूलमधून थेट जाता यायचं, गार्नेट १९९५, कोबी १९९६, ड्वाइट हॉवर्ड २००४, सगळे थेट गेलेले. मग २००५ च्या करारात लीग आणि खेळाडू युनियनने ठरवलं की ड्राफ्टच्या वर्षात वय १९ पाहिजे आणि अमेरिकन असेल तर हायस्कूल संपून एक वर्ष झालेलं पाहिजे. २००६ च्या ड्राफ्टपासून लागू. तिथून ते एक वर्षवाले सुरू झाले. केंटकीने २०१२ ला असल्याच पोरांवर चॅम्पियनशिप मारली, अँथनी डेव्हिस पहिला गेला आणि किड-गिलख्रिस्ट दुसरा. २०१५ ला ड्यूकनेही तेच केलं.

परत जाता येतं का, तर येतं, वेळेत नाव मागे घेतलं तर. पोरं आधी ड्राफ्टमध्ये नाव टाकतात, टीम्सकडे वर्कआउट करतात, शिकागोच्या कंबाइनला (ड्राफ्टच्या आधीचं चाचणी शिबिर) जाऊन मोजमापं देतात, एनबीएची एक सल्लागार समिती पण आहे ती सांगते की बाबा तू साधारण कुठे आहेस. मग कंबाइननंतर दहा दिवसांत एनसीएएची (कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था) मुदत संपते, यंदा ती २८ मे होती, त्याच्या आत नाव काढलं तर कॉलेजचा दरवाजा उघडा. ती तारीख गेली की संपलं. २०१८ पासून काही अटींवर एजंटचा सल्लाही घेता येतो, आधी एजंट केला की कॉलेज कायमचं बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे टीव्हीवर कोणी नीट सांगत नाही. पहिल्या राऊंडमध्ये, म्हणजे पहिल्या तीसात, नाव आलं तर करार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे, पहिली दोन वर्षं पैसे पक्के, पुढची दोन टीमच्या मर्जीवर. कूपर फ्लॅग पहिला गेला, त्याला पहिल्याच वर्षी एक कोटी डॉलरच्या वर. पॉवेलच्या जागेला वर्षाला तीस लाखांच्या आसपास. दुसऱ्या राऊंडला यातलं काहीच आपोआप नाही. चांगला करार मिळाला तर नशीब, नाहीतर टू-वे, म्हणजे अर्धा वेळ जी लीगमध्ये (एनबीएची खालची लीग) आणि अर्धा वर एनबीएत, तिथे यंदा सहा लाखांच्या थोडं वर. आणि तेही नाही मिळालं तर नुसती जी लीग, तिथे अख्ख्या सीझनचे चाळीस-पंचेचाळीस हजार. तीसाव्या आणि पस्तिसाव्या नंबरच्या पोरात खेळाचा फरक दिसणारही नाही, पण पक्क्या पैशाची रेघ त्या दोघांच्या मधून जाते.

म्हणून केरीकर, तुझा प्रश्न अर्धाच आहे. सुधारतोय का हे नंतर, आधी विचारायचं की तो त्या रेघेच्या वर आहे का खाली. वर असेल तर जा. खाली असेल तर थांब.

शुभदा_के

मी इथे एका स्टेट युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवते, बास्केटबॉलची मुलं दर एक-दोन सेमिस्टरला वर्गात असतातच. तुम्ही लोक जे बोलताय त्यात मुलगा कुठेच नाहीये, सगळा बाजार आहे. एकोणीस वर्षांचं पोर, बँकेत एकदम एवढे पैसे, परक्या शहरात एकटं, रोज रात्री विमान, आजूबाजूला तिशीचे लोक ज्यांच्या जागेवर हा आलाय. आपण आपल्या पोराला एकोणिसाव्या वर्षी पुण्याच्या होस्टेलला ठेवताना दहा फोन करतो.

आणि डिग्रीला इतकं हसण्यावारी नेऊ नका. जेलन ब्रन्सनचं उदाहरण घ्या. व्हिलानोव्हात तीन वर्षं राहिला, २०१६ आणि २०१८ अशा दोन चॅम्पियनशिप, तीन वर्षांत डिग्री घेऊनच बाहेर पडला. ड्राफ्टमध्ये ३३ वा, म्हणजे बंड्याच्या रेघेच्या खाली. आज न्यूयॉर्क निक्सचा कॅप्टन आहे. त्याच्या टीममधला जॉश हार्ट चार वर्षं राहिला, ३० वा. हे दोघं काय वय वाढलं म्हणून नासले का? उलट आल्या दिवसापासून खेळ समजलेला होता म्हणून टिकले.

केरीकर

शुभदाताई, ब्रन्सन मला पण आवडतो, पण तो ३३ वा गेला हे तुमच्या बाजूचं उदाहरण कसं? तो कॉलेजातला त्या वर्षीचा देशातला सगळ्यात चांगला खेळाडू होता, सगळे मोठे पुरस्कार त्याला, आणि तरी बत्तीस जण त्याच्या आधी गेले, त्यातले निम्मे लोकांना आज आठवत नसतील. चार वर्षं बारक्या पगारावर खेळला आणि मग २०२२ ला निक्सने १० कोटी ४० लाख डॉलर दिले तेव्हा कुठे खरे पैसे. खरा पैसा दुसऱ्या करारात असतो हो. १९ ला आलेला पोरगा २३ ला तिथे पोचतो, २३ ला आलेला २७ ला. त्या मधल्या चार वर्षांत गुडघा गेला की गेलं.

चहाबिस्कुट

म्हंजे हे स्थळ बघण्यासारखंच झालं की, वय वाढलं की आधी "हुशार आहे हो" मग "अजून कसं नाही जमलं" मग "काहीतरी असेल" 😂

पळते. चालू द्या.

तात्या_डेट्रॉइट

मंडळी, तुम्ही २००५ पासून सुरुवात करताय, गोष्ट त्याच्या फार आधीची आहे. मी सत्तरच्या दशकात डेट्रॉइटला आलो तेव्हा स्पेन्सर हेवूडचं नाव इथे प्रत्येकाच्या तोंडी. मिसिसिपीतल्या कापूस वेचणाऱ्या घरातला, दहा भावंडं. १९६८ च्या ऑलिंपिकला अमेरिकेला गोल्ड मिळालं त्यात हाच पोरगा आघाडीला. युनिव्हर्सिटी ऑफ डेट्रॉइटला एक सीझन खेळला आणि १९६९ ला एबीए नावाची दुसरी लीग होती तिथे डेन्व्हरला गेला. मग सिॲटलने एनबीएत घेतला तर बाकीच्या टीम्स उठल्या, कारण एनबीएचा नियम असा की हायस्कूल संपून चार वर्षं झाल्याशिवाय यायचंच नाही. कॉलेजात जा नाहीतर घरी बस, चार वर्षं म्हणजे चार वर्षं. मॅचच्या आधी माईकवरून जाहीर करायचे की मैदानावर एक बेकायदेशीर खेळाडू आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७१ ला सात विरुद्ध दोन असा हेवूडच्या बाजूने निकाल आला.

त्यानंतर लीगने काय केलं, तर घरची गरिबी दाखवा आणि या. हार्डशिप म्हणायचे. १९७६ ला ते पण गेलं आणि नुसता अर्ज केला की झालं. म्हणजे ज्याला तुम्ही "कॉलेज अर्धवट सोडणं" म्हणताय तो हक्क एका गरीब घरातल्या पोराने कोर्टात भांडून मिळवलेला आहे. मला तरी त्यावरून कुठल्याही मुलाला नावं ठेववत नाहीत.

आणि शुभदाताई, डिग्रीचं म्हणाल तर आमच्या मिशिगनचा जुवान हॉवर्ड बघा. तिसऱ्या वर्षानंतर १९९४ ला सोडून गेला, पाचवा गेला, आणि एनबीए खेळत खेळत १९९५ ला आपल्याच बॅचबरोबर डिग्री घेतली. शॅकने २००० ला पूर्ण केली, स्टेफ करीने २०२२ ला. वर्ग कुठे पळून जात नाही, गुडघे जातात.

ऑर्लँडोची_वैनी

मी फ्लोरिडा गेटर (युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडावाली), त्यामुळे मला बोलावंच लागणार. २००६ ला आम्ही कॉलेजची चॅम्पियनशिप जिंकलो तेव्हा नोआ, हॉरफर्ड, ब्रूअर तिघांनाही सोडून जायला रान मोकळं होतं. नोआ तर त्या वर्षी पहिलाच जाईल असं म्हणत होते. तिघेही परत आले!!! २००७ ला परत जिंकलो. मग हॉरफर्ड तिसरा, ब्रूअर सातवा, नोआ नववा. केरीकरच्या हिशोबात नोआचं नुकसान झालं, बरोबर ना? जाऊन विचारा त्याला. गेन्सव्हिलला आजही त्या टीमचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, ते तिघंही कधी रडगाणं गाताना मी तरी ऐकलं नाही.

आणि यंदा वॉल्टर क्लेटन. आयोना नावाच्या कॉलेजातून आमच्याकडे आला, शेवटच्या वर्षी ह्यूस्टनला ६५-६३ हरवून चॅम्पियनशिप, फायनल फोरचा (शेवटच्या चार टीम्सची फेरी) बेस्ट प्लेअर, मग १८ वा गेला. पॉवेलच्या चार नंबर आधी. चार वर्षं कॉलेज खेळूनच. डॉल्टन नेक्ट २०२४ ला १७ वा, तो २३ वर्षांचा होता, ज्युनियर कॉलेजपासून (इथलं दोन वर्षांचं कॉलेज, आपलं अकरावी-बारावी नव्हे) सुरुवात केलेला. ही पोरं दुसऱ्या वर्षी गेली असती तर कोणी ओळखलंही नसतं. तेव्हा सरसकट "वय झालं की भाव पडतो" हे काही खरं नाही.

थ्रीपॉइंट_बंड्या

वैनी, क्लेटन आणि नेक्ट ही पोरं रेघेच्या पार खालून वर आली, ती थांबली हे बरोबरच केलं, मी तेच म्हणतोय. पण जे वर असून थांबले त्यांची यादी बघा. जॅरेड सलिंजर, ओहायो स्टेट, २०११ ला पहिल्या पाच-सातात गेला असता, थांबला, २०१२ ला पाठीचा प्रॉब्लेम निघाला आणि थेट २१ वा. माइल्स ब्रिजेस २०१७ ला थांबला, पुढच्या वर्षी १२ वा. ड्यूकचा काइल फिलिपोव्स्की २०२३ ला पहिल्या राऊंडमध्ये धरत होते, थांबला, २०२४ ला ३२ वा. रेघ ३० वर.

उलटं उदाहरण पण देतो म्हणजे कोणी म्हणायला नको. ब्लेक ग्रिफिन २००८ ला थांबला आणि २००९ ला पहिला गेला. पण पुढे काय झालं ते ऐका, सीझन सुरू व्हायच्या आधी गुडघ्याची वाटी मोडली आणि आख्खं पहिलं वर्ष बाहेर बसला. फरक एवढाच की करारावर सही झालेली होती, पगार चालू. हेच कॉलेजात झालं असतं तर? मायकल पोर्टर ज्युनियरला विचारा, मिझुरीत पहिल्याच मॅचमध्ये दोन मिनिटांत पाठ धरून बाहेर, मग ऑपरेशन. ज्याला पहिला-दुसरा म्हणत होते तो १४ वा गेला. नर्लन्स नोएलचा केंटकीत गुडघा गेला, पहिल्याचा सहावा झाला.

शुभदा_के

बंड्या, मी याच विषयाची शिक्षिका आहे म्हणून सांगते, तू नावं निवडून आणतोयस. जे थांबले आणि घसरले ते तुला आठवतात कारण त्यांच्या बातम्या झाल्या. जे दुसऱ्या वर्षी घाईत निघाले, ५९ मध्ये नाव आलं नाही, आणि मग तुर्कस्तान नाहीतर फिलिपाइन्समध्ये कुठेतरी खेळतायत त्यांची यादी कोण ठेवतं? हायस्कूलमधून थेट जायचं होतं त्या काळात कोर्लिओन यंग १९९८ ला ४० वा गेला आणि तीन मॅच खेळला. लेनी कुकचं २००२ ला नावच आलं नाही. एका कोबीमागे असे कितीतरी.

केरीकर

हो पण ताई, त्याच काळात जर्मेन ओनील पण होता. १९९६ ला हायस्कूलमधून १७ वा, पोर्टलंडच्या बेंचवर चार वर्षं जवळजवळ बसूनच काढली. लोक म्हणायचे वाया गेला पोरगा. मग इंडियानाला गेला आणि ऑलस्टार झाला. तो चार वर्षं सुधारतच होता, फक्त पगार घेऊन आणि रोज एनबीएच्या मोठ्या माणसांविरुद्ध प्रॅक्टिस करून. कॉलेजात सीझनमध्ये आठवड्याला २० तासांच्या वर सक्तीची प्रॅक्टिस घेता येत नाही, एनसीएएचा नियम आहे. ब्रुकलिनला पॉवेल दिवसभर जिममध्ये, शूटिंगचा कोच वेगळा, जेवणाचा माणूस वेगळा. सुधारायचंच असेल तर मग कुठे जास्त सुधारेल सांगा?

नागपाडा_एक्सप्रेस

ओ केरीकर, बेंचवर बसून कोणी सुधारत नाय. मॅचमध्ये धक्के खाऊन सुधारतो माणूस. आम्ही नागपाड्याला लहानपणी सिमेंटच्या कोर्टवर खेळायचो, तिथे हरला की पुढचा गेम नाय, एक तास बाहेर उभा. शिकायला वर्ष लागत नाय मग. तसं मिनिटं मिळाली पायजेत. जी लीगमध्ये मिळतात मान्य पण तिथे प्रत्येक जण स्वतःचे पॉइंट करायला बघतो, पास कोण देतो.

आपल्या देशी लोकांचा विषय निघाला नाय म्हणून टाकतो. सिम भुल्लर, कॅनडाचा पंजाबी, सात फूट पाच इंच. न्यू मेक्सिको स्टेटला दोन सीझन खेळला आणि २०१४ ला ड्राफ्टला निघाला. कोणीच घेतला नाय. मग सॅक्रामेंटो किंग्जनी साइन केला, त्यांचे मालक विवेक रणदिवे, आपल्या मुंबईत जन्मलेला माणूस. जी लीगमध्ये (तेव्हा डी लीग) खेळवून एप्रिल २०१५ ला वर आणला, एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. एकूण तीन मॅच. त्याच वर्षी सतनाम सिंग, पंजाबच्या बल्लो के गावचा, फ्लोरिडातल्या ॲकॅडमीतून थेट ड्राफ्टमध्ये, डॅलसने ५२ वा घेतला. कॉलेज नाय. एनबीएची एक मॅच खेळायला मिळाली नाय. मी २०१९ ला वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्सची मॅच बघायला गेलेलो, तेव्हा माझ्या मनात हेच की या दोघांना तीन वर्षं नीट कॉलेज मिळालं असतं, रोज मॅच, रोज फुटवर्क, तर? एवढ्या उंच माणसाला पाय हलवायला शिकायला वेळच लागतो.

मी स्वतः एसवायला कॉलेज सोडलं, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागत होती म्हणून. घरचे खूश. बरं झालं का वाईट, आजपण सांगता येणार नाय. पण कोट्याची नोकरी कायम असते, एनबीएची नाय.

ओहायोचा_सीए

धागा वाचतोय, मजा येतेय, पण सगळे जण २०२० च्या आधीचं बोलताय. आता खेळच बदललाय. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या पोरांना स्वतःच्या नावावर, फोटोवर पैसे घेता येतात, एनआयएल म्हणतात त्याला. आणि आत्ता ६ जूनला कोर्टाने हाउस केसची तडजोड मंजूर केली, म्हणजे या १ जुलैपासून कॉलेज स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

परिणाम बघा. २०२१ ला कॉलेजची वर्षं संपायच्या आधीच ड्राफ्टला नाव देणारे ३५३ होते. यंदा १०६. कारण सरळ आहे, दुसऱ्या राऊंडचा किंवा टू-वेवाला पोरगा आता कॉलेजात राहून तेवढे किंवा जास्त कमावतो. यॅक्सेल लेंडेबोर्ग, २२ वर्षांचा, पहिल्या राऊंडच्या शेवटी कुठेतरी नाव येत होतं, त्याने सरळ मागे घेतलं आणि मिशिगनला गेला. तात्या खूश असतील. म्हणजे बंड्याची जी रेघ आहे ती आता तीसवर राहिलेली नाही, वर सरकलीय.

पण यातही एक गंमत आहे जी आपल्या लोकांना लगेच कळेल. परदेशी पोरं एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर असतात. झॅक ईडी कॅनडाचा, पर्ड्यूला २०२३ ला देशातला बेस्ट प्लेअर, ड्राफ्टमधून नाव मागे घेतलं, परत बेस्ट प्लेअर, २०२४ ची फायनल खेळला, आणि तो सगळा वेळ अमेरिकेत बसून एनआयएलचे पैसे कमवायचे तर व्हिसाची भानगड. केंटकीचा ऑस्कर चिब्वे काँगोचा, त्याने २०२२ ला टीम बहामाजला गेली तेव्हा तिथे जाऊन कामं केली, कारण देशाबाहेर चालतं. आपल्या एमएसच्या पोरांना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, खेळाडूला प्रॅक्टिस २० तास, सगळं वीसवर अडलंय. ईडी शेवटी नववा गेला म्हणून हिशोब बसला. सगळ्यांचा नाही बसत.

पिंट्या_नागपूरकर

आता आलं ध्यानात. म्हणजे पयले गरीब पोट्टा घरच्यासाठी कॉलेज सोडायचा आणि आता घरच्यासाठीच कॉलेजात थांबून राह्यला. भारीच.

शुभदा_के

पिंट्या 🙂 बरोबर. पण सीए, यात मला एक काळजी वाटते. "थांबला म्हणजे शिकला" हे आता राहिलेलं नाही. चार वर्षांत तीन कॉलेजं, दर एप्रिलला ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायला नाव टाकायची यादी), क्रेडिट्स निम्मी पुढे जातच नाहीत. मी जे थांबा म्हणते ते एका जागी थांबा म्हणते. पैसे मिळतायत याचा मला आनंदच आहे, वर्षानुवर्षं कॉलेजांनी या मुलांवर कमावलं आणि त्यांना फक्त फी माफी दिली हे मी जवळून बघितलंय.

आणि मुलींकडे कोणी वळणारच नाही का? डब्ल्यूएनबीएत (बायकांची एनबीए) अमेरिकन मुलीला ड्राफ्टच्या वर्षी २२ पूर्ण पाहिजेत नाहीतर डिग्री झालेली पाहिजे. म्हणजे हेवूडच्या आधीचा नियम मुलींना अजून लागू आहे. केटलिन क्लार्कने आयोवात चारही वर्षं काढली, २०२४ ला पहिली गेली आणि पहिल्या वर्षाचा पगार ७६ हजार ५३५ डॉलर. फ्लॅगच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. तिच्यासाठी "लवकर जावं का" हा प्रश्नच नाही, कॉलेजातच जास्त कमाई होती.

तात्या_डेट्रॉइट

हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता ताई, छान काढलात. आणि हो सीए, लेंडेबोर्ग आला त्याची अ‍ॅन आर्बरला फार चर्चा आहे.

ऑर्लँडोची_वैनी

आमचा ॲलेक्स कॉन्डन पण परत आलाय 🐊 आणि बूगी फ्लँड अर्कान्सॉ सोडून आमच्याकडे. थांबा म्हणणाऱ्यांचा विजय असो.

केरीकर

वैनी, फ्लँड थांबला कुठे, कॉलेज बदललं त्याने.

सीएंचा मुद्दा मान्य, पैशाचं गणित बदललं. रेघेच्या खालच्याने थांबावं हे मी पण म्हणेन. पण पॉवेल खाली नव्हता ना. २२ वा म्हणजे दोन वर्षं पक्की. तो थांबला असता तर पुढच्या वर्षीच्या बॅचशी स्पर्धा, आणि ती बॅच बघा, डायबँट्सा, पीटरसन, ड्यूकला आलेला कॅमेरॉन बूझर. यंदापेक्षा गर्दी जास्त. हे कोणी मोजतच नाही, पोरगा सुधारेल पण रांगेत त्याच्या पुढे कोण येऊन उभं राहणार ते त्याच्या हातात नाही.

थ्रीपॉइंट_बंड्या

हा मुद्दा भारी. पण मग तुझ्याच गावात उलटं उदाहरण आहे, त्याचं काय? ड्यूकचा आयझया इव्हान्स. तोही नॉर्थ कॅरोलायनाचा, पॉवेलच्याच वर्षाचा, सरासरी ६.८ म्हणजे जवळपास तेवढेच पॉइंट, लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट त्याच्याहून चांगला. कंबाइनला गेला, वर्कआउट दिले आणि नाव मागे घेऊन परत ड्यूकला आला. आणि ड्यूकचे सुरुवातीचे पाचही जण यंदा ड्राफ्टमध्ये गेलेत, फ्लॅग पहिला, कनूपल चौथा, मालुआच दहावा, मग सायन जेम्स ३३ आणि प्रॉक्टर ४९. म्हणजे मैदान मोकळं, बॉल मिळणार, मिनिटं मिळणार. पॉवेल गेला, इव्हान्स थांबला, एकच राज्य, एकच वय. यापेक्षा चांगला प्रयोग शुभदाताईंना सांख्यिकीत पण मिळणार नाही.

शुभदा_के

दोन मुलांचा प्रयोग होत नसतो बंड्या. पण बघायला मजा येईल हे कबूल.

नागपाडा_एक्सप्रेस

इव्हान्स बारीक आहे रे, काठीसारखा. त्याला वजन वाढवायलाच एक वर्ष लागणार होतं. बरोबर केलं त्याने.

केरीकर

वजन ब्रुकलिनला पण वाढतं, आणि तिथे जेवायचे पैसे टीम देते 😀

असो. नोव्हेंबरमध्ये सीझन सुरू झाला की हाच धागा वर काढतो. पिंट्या, ड्यूकच्या मॅच रात्री नवाच्या असल्या की तुमच्याकडे सकाळचे साडेसात वाजतात, तेवढी झोप तरी मिळेल.

पिंट्या_नागपूरकर

साडेसातला तर बायको डब्याला लावते भाऊ. एनबीएच बरी, तिचा पहिला गेम पहाटे साडेपाचला असते.